सकाळीच भिजवलेली डाळ

कूलरवाला आत्ताच येऊन गेला. जुना वाळा उपसून काढला, नवा भरला, टाकीत पाणी सोडलं आणि पंखा सुरू करून स्वतःच खूश झाला. "पाहा बाई, कशी ठंडी हवा येऊन राहिली," म्हणाला. ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरला. लोकांना हा वास फार आवडतो, त्यांना त्यात गारवा आठवतो, सुट्टी आठवते, पन्हं आठवतं. मला या वासानं भूक लागते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

समोरच्या गल्लीत मांडव पडला आहे. एप्रिल लागला की नागपुरात ऊन आणि लग्नं हातात हात घालून येतात. बाहेर डांबर वितळतंय, कुत्री नाल्यात बसली आहेत आणि बँडवाले बिचारे लाल कोट घालून घामाच्या धारांत वाजवत आहेत. असल्या उन्हात लग्न करायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, मला माहीत नाही. पण त्याला कधी मुलगी दाखवायची वेळ आली नसावी.

मला दाखवलं ते असल्याच एका उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्याची आठवण मला चेहऱ्यांनी येत नाही, चवीनं येते. गोळाभाताच्या चवीनं.

गोळाभात तसा आमच्याकडे घरोघरी होतो. बहुतेक ठिकाणी चण्याच्या डाळीचा भरडा घेतात, त्यात तिखटमीठ, हळद, तेलाचं मोहन घालतात, गोळे वळतात आणि अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून देतात. झटपट काम. माझ्या आईला ते पटत नसे. "भरड्याचा गोळा घशात अडकते," ती म्हणायची. ती डाळ भिजवायची, चण्याची आणि थोडी तुरीची, आणि पाट्यावर जाडसर वाटायची. मग गंजातल्या, म्हणजे उभ्या पातेल्यातल्या, भातावर ते गोळे अलगद बसवायची, वर ताट झाकायची आणि ताटावर निखारे. वाफ बसली की घरात जो वास सुटायचा, त्याला मी काय नाव देऊ. पानात भात, भातावर गोळा, तो बोटांनी फोडायचा, त्यावर पळीतून मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची फोडणी चर्र करून पडायची. बाजूला वाटीत चिंचेचं सार. पहिला घास घेतला की कानशिलं गरम व्हायची आणि दिवसभर छातीत जे काही आवळून बसलेलं असे ते सैल पडायचं.

आई मायाळू वगैरे नव्हती. तिनं मला जवळ घेतल्याचं, डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. गणितात नापास झाले तेव्हा ती काही बोलली नाही. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझ्या तेलकट वेण्या धरून मला बाकावर उभं केलं, तेव्हाही ती काही बोलली नाही. मी रडत घरी आले, दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि उंबऱ्यात बसले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, डब्यातून डाळ काढली, धुतली आणि भिजत घातली. बस, तिचं बोलणं तेवढंच. दिवेलागणीला गोळाभात पानात आला आणि त्यातच सगळं आलं. डाळ भिजत पडलेली दिसली की आम्ही दोघी बहिणी ओळखायचो, आज घरात कोणाचं तरी काहीतरी बिनसलं आहे.

तिची ही भाषा मला फार नीट येत होती. पुढे तेच माझ्या मुळावर आलं.

आम्ही अजनीला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा सरकारी ऑफिसात कारकून, आई, मी आणि माझ्याहून धाकटी नलू. नलू गोरी, नाकीडोळी नीटस, हसली की गालाला खळी. मी उंच, काळी, दात किंचित पुढे. हे मी दुःखानं सांगत नाही. आरसा आमच्याकडे होता आणि मला डोळे होते. बी.ए. झाल्यावर बाबांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे महाल भागात राहणाऱ्या आत्यानं, माझं लग्न जमवायचा विडा उचलला. ती यायची ती डोक्याला पदर गुंडाळून, उन्हाच्या भीतीनं कमरेला कांदा खोचून, आणि आल्या आल्या माठातलं दोन तांबे पाणी पिऊन स्थळ सांगायची. "मुलगा चांगला हाय. फक्त थोडा पाय ओढते. पण आपली तरी कुठं अप्सरा हाय?" हे ती माझ्यासमोर म्हणायची. मनात काही ठेवायची नाही, म्हणून सगळे तिचं कौतुक करत.

पाहुणे येत ते सकाळी. दुपारी नागपूरच्या उन्हात कोण बाहेर पडणार? सात-आठच्या सुमाराला यायचे, पोहे खायचे, मला पाहायचे आणि ऊन चढायच्या आत निघायचे. खिडकीला वाळ्याची ताटी बांधलेली असे, तिच्यावर मी आधीच पाणी मारून ठेवायची. मग आई मला गुलाबी साडी नेसवायची, कारण आत्याच्या मते गुलाबी रंगानं काळी मुलगी उजळ दिसते. तसं काही होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट न चुकता व्हायची. नलूला शेजारी डोंगरेकाकूंकडे पाठवलं जायचं. थोरली दाखवायची असली की धाकटीला नजरेआड करायचं, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. नलू वही-पुस्तक घेऊन जायची, काकूंच्या झोपाळ्यावर बसायची आणि पाहुण्यांची रिक्षा वळली की परत यायची. तिला त्यात काही वाटत नसे. उलट जाता जाता ती मला म्हणायची, "ताई, आज हो म्हणतील पाहा." मला तिचा राग यावा असं तिनं कधी काही केलं नाही. हीच मोठी अडचण होती.

काय काय पाहत लोक! इतवारीची एक बाई आली होती. तिनं मला शेजारी बसवलं, गोड बोलली, आणि बोलता बोलता बोट जिभेला लावून माझ्या गालावरून फिरवलं. पावडर किती आहे ते पाहत होती. बोट पाहिलं आणि पदराला पुसलं. दुसऱ्या एकांनी मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, मग केस सोडायला लावले, मग सुईत दोरा ओवायला. मी दोरा ओवला. मुलाच्या मामानं घड्याळात पाहिलं, मला वाटलं माझा वेळ मोजतो आहे, पण तो गाडीची वेळ पाहत होता. एकानं तर पोह्यांची पुन्हा एक बशी मागितली, आईच्या हाताची तारीफ केली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबा या सगळ्या वेळात छताकडे बघत. छतावर एक पाल असे, बहुधा तिच्याशी त्यांची ओळख झाली होती.

आत्या पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायची. रिक्षात बसता बसता माणूस खरं बोलतो, असा तिचा अनुभव होता. ती परत आली की घरात शिरण्याआधीच तिच्या चालीवरून समजायचं. मग आई उठायची. डाळीच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, ते काढताना खटकन आवाज यायचा. तो आवाज आला की नकार पक्का. मी गुलाबी साडी सोडून घडी घालायची आणि ताटीवर पुन्हा पाणी मारायची. दुपारभर डाळ फुगायची, चार वाजता वरवंट्याचा आवाज यायचा, आणि संध्याकाळी मी पोट भरून जेवायची. अगदी खरं सांगायचं तर मी आवडीनं जेवायची. दिवसभरात जीव नकोसा झालेला असे, पण पहिला घास पोटात गेला की दुसरा हवासा वाटे.

आईनं त्या दिवसांत मला एकदाही म्हटलं नाही की तू चांगली आहेस. पण मी मनाशी धरून चालले होते की तिला ते वाटतं. डाळ नकारानंतर भिजते ना? म्हणजे नकार येईपर्यंत ती होकाराची वाट बघते. मी जेवायची ती या एका गोष्टीच्या जोरावर. सगळ्या जगाला मी नको असले तरी माझी आई दर वेळी, प्रत्येक पाहुण्याच्या वेळी, होकार येईल असं धरून बसते, एवढं मला पुरत होतं.

मग कन्हानचं स्थळ आलं.

मुलगा खाणीच्या ऑफिसात होता, क्वार्टर मिळालेलं, घरी आईवडील आणि एक काकू, मागणी काही नाही. आत्या आठ दिवस नुसतं "कन्हान, कन्हान" करत होती. बाबांनी त्या दिवसासाठी नवा सदरा शिवला. मी उजाडता उजाडता न्हाले, साडी नेसले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात माठाकडे गेले.

माठाशेजारी पितळी वाडग्यात डाळ भिजत होती.

वर झाकण नव्हतं. डाळ नुकतीच टाकलेली नव्हती, चांगली फुगायला लागली होती, म्हणजे आईनं पहाटे उठल्या उठल्या ती घातली होती. पाहुणे अजून कन्हानहून निघालेही नसतील. मी पाण्याचा पेला हातात धरून तिथंच उभी राहिले. मनाला म्हटलं, वडे करायचे असतील. सांडगे घालायचे असतील. सांडग्यांना मुगाची डाळ लागते हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

"आई, आज वडे हायेत का?"

आई पोह्यांना कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "नाही वं. जा तू, केस विंचर."

"मग डाळ काहून भिजवली?"

"लागन म्हणून भिजवली. जा म्हटलं ना."

मी पुढच्या खोलीत आले. नलू तिथंच होती. तिचेही केस धुतलेले, पाठीवर सोडलेले, आणि अंगावर आईची फिकट पोपटी साडी. मी विचारलं, "तू गेली नाही का डोंगरेकाकूंकडे?"

"आई म्हणे, काकूंकडे कुलूप हाय आज. मागच्या खोलीत बस म्हणे."

पाहुणे आले. माणसं बरी होती, हेही सांगायला हवं. चालून दाखव म्हणाली नाहीत, गालावरून बोट फिरवलं नाही. मुलाच्या आईनं माझं शिक्षण विचारलं, मी सांगितलं. मुलानं एकदा पाहिलं आणि मग सभ्यपणे आपल्या बुटांकडे पाहत राहिला. मला क्षणभर वाटलं की होईल. डाळीचं वाडगं मी डोक्यातून काढून टाकलं होतं. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, जरा मोठ्यानं, "नलू, पाहुण्यांसाठी पाणी घेऊन ये वं."

पाणी आधीच आणलेलं होतं. मीच आणलं होतं. भरलेले पेले त्यांच्यासमोर तसेच होते.

नलू ट्रे घेऊन आली. खोलीत जे झालं ते एवढंच की सगळे बोलायचे थांबले. मुलानं बुटांवरची नजर उचलली ती पुन्हा खाली नेली नाही. त्याच्या काकूनं विचारलं, "हे कोण?"

"धाकटी," आई दारातून म्हणाली.

"हिचं कुठं जमलं का?"

"नाही अजून."

बाबा छताकडे बघायचे थांबले आणि आईकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "पण थोरलीचं आधी..." आईनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "होईन तिचंही," ती म्हणाली. "स्थळं काय, येतच राहतात." मुलाच्या आईला बिचारीला संकोच वाटला. तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नको वं बाई." त्या दिवशी माझ्याशी चांगलं बोललेलं तेवढं एकच माणूस, आणि तिचा मला सगळ्यांत जास्त संताप आला.

आत्याला कोपऱ्यापर्यंत जावंच लागलं नाही. होकार खोलीतच मिळाला. नारळ, साखर, कुंकू, सगळं घरात होतंच. डब्याच्या झाकणाचा आवाज त्या दिवशी आला नाही. यायचं कारणच नव्हतं.

दुपारी डोंगरेकाकू कुंपणापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "सुमन, आज नलू काहून नाही आली वं? मी तिच्यासाठी कैरी चिरून ठेवली होती." मी म्हटलं, "तुमच्याकडे कुलूप होतं ना?" त्या हसल्या. "कुलूप? मी कुठं जातो वं एवढ्या उन्हात?"

मी घरात आले, मोरीत गेले आणि बराच वेळ नळाकडे पाहत बसले. नळाला पाणी नव्हतं. नलू दाराशी आली. रडत होती. "ताई, मले खरंच माहीत नव्हतं वं. मी नाही म्हणू का? सांग तू, मी नाही म्हणतो." ती खरंच नाही म्हणाली असती. मी तिला म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि तिच्याच पदरानं तिचं नाक पुसलं. तिच्यावर ओरडायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

चार वाजता वरवंटा सुरू झाला. आई डाळ वाटत होती, नेहमीसारखी, जाडसर, घाई न करता. एका शेगडीवर नलूसाठी शिरा झाला, वेलदोडा घातलेला, वर तूप सुटलेला. दुसऱ्या शेगडीवर गोळाभात. एका पंगतीत आम्ही दोघी बसलो, तिच्या पानात शिरा, माझ्या पानात गोळा. आईनं मला आधी वाढलं. पळीतली फोडणी भातावर ओतली आणि माझ्यासमोर बसून राहिली.

मी ठरवलं होतं की जेवायचं नाही. ताट सरकवायचं, उठायचं, काहीतरी बोलायचं जे तिला आयुष्यभर आठवेल. पण हिंगाचा वास नाकात गेला आणि हात आपोआप पानाकडे गेला. गोळा फोडला, आत मऊ, बाहेरून भाताला धरलेला. त्या दिवसाइतका चांगला गोळाभात मी कधी खाल्ला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. डाळ भरपूर वेळ भिजली होती ना! घास खाली उतरला, कानशिलं गरम झाली, छाती सैल पडली. इतका अपमान माझा इतवारीच्या त्या बाईच्या बोटानंही केला नव्हता. ज्या हातानं मला सकाळी विकायला मांडलं आणि मग बाजूला सारलं, त्याच हाताचं जेवण मला गोड लागत होतं, आणि मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

लग्न मे महिन्यात झालं. माझ्याकडे वाढप होतं. पंगतीत बायका माझ्याकडे पाहून आवाज लहान करत आणि मग उगाच जास्तीचं कौतुक करत. धाकटीचं आधी झालं की थोरलीत काहीतरी खोट असणार, असं लोक धरूनच चालतात. आत्या पुन्हा माझ्यासाठी स्थळ घेऊन आली नाही. तिनं आपली मेहनत सत्कारणी लागली असं मानलं आणि कमरेचा कांदा काढून ठेवला. मी पुढे बी.एड. केलं, शाळेत लागले. बाबा गेले. दोन खोल्यांचं घर सोडलं, लहानशा ब्लॉकमध्ये आले आणि आई माझ्याकडे राहायला लागली. ती कुठं जाणार दुसरीकडे?

मला वाटतं, जेवणाला खरंखोटं समजत नाही. वाढणारा कोण, त्यानं सकाळी काय केलं, हे जिभेला विचारायची सवय नसते. लोक म्हणतात आईच्या हातच्या जेवणात माया असते. असेलही. पण मायेशिवायही ते तितकंच चांगलं शिजतं, हे मी खाऊन पाहिलं आहे. शाळेत मुख्याध्यापिका टोचून बोलली, बढती दुसरीला मिळाली, असल्या दिवशी मीही घरी येते आणि डाळ भिजवते. आई पलंगावरून बघते आणि काही विचारत नाही. मीही सांगत नाही. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसून जेवतो आणि दोघींना बरं वाटतं.

एकदाच विचारलं मी तिला. सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ, ती सुपात डाळ निवडत बसली होती. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तोंडातून अगदी साधं बाहेर पडलं. "आई, कन्हानवाले आले त्या दिवशी सकाळीच डाळ काहून भिजवली होतीस?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. नाकबूलही झाली नाही. "मले माहीत होतं ना."

"काय माहीत होतं?"

"तुले नाही म्हणतील ते. दर वेळी पाहून नव्हती राहिली का मी? आणि स्थळ चांगलं होतं वं. हातचं कसं जाऊ देऊ? दोघी राहिल्या असत्या घरात."

"म्हणून कुलूप होतं म्हणालीस."

"म्हटलं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तसं म्हटलं नसतं तर नलू बसली असती का घरात?"

"आणि डाळ?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला आहे. "तू उपाशी झोपली असती ना. नलूचं कुंकू होईस्तोवर दुपार झाली असती, मग भिजवली असती तर उशीर झाला असता. आधीच रडून राहिली असती, वरून उशीर."

त्यात पश्चात्ताप नव्हता. तिनं दोन कामं केली होती, एक एका मुलीचं, एक दुसऱ्या मुलीचं, आणि दोन्ही नीट केली होती. मला वाटत होतं की ती दर वेळी होकाराची वाट बघते. ती नाही बघत होती. बाकीच्या वेळी डाळ नकारानंतर भिजली ती माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, तोवर नलूला पुढं करायचं तिनं ठरवलं नव्हतं म्हणून. हे मला त्या दुपारी सुपाकडे पाहताना समजलं. ती सूप पाखडायला लागली आणि मी उठून कूलरमध्ये पाणी टाकलं.

यंदा या वासाबरोबर आणखी एक आठवण जमा झाली आहे, आणि ती ताजी आहे.

दर उन्हाळ्यात नलू आईला कन्हानला घेऊन जाते. आठपंधरा दिवस. आई वर्षभर त्याच्यावर जगते. नलूच्या अंगणात कडुनिंब आहे, नलूची मुलं आजीच्या अंगावर लोळतात, जावई पायाला हात लावतो. मी नोकरीवर जाते, घरी येते, भांडते, औषध देते. नलूकडे तिला देवासारखं बसवतात. पंधरा दिवसांपुरतं कोणालाही देवासारखं बसवता येतं, पण मी ते बोलत नाही. यंदाही गुढीपाडवा झाला तशी तिनं पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्यांचा डबा, मुलांसाठी कुरड्या. रोज काढायची, पुन्हा भरायची. "रविवारी नलू येईन," भाजीवालीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं.

शनिवारी संध्याकाळी खालच्या कुळकर्ण्यांकडे फोन आला. नलू होती. तिच्या सासूच्या माहेरची माणसं येणार होती, मोठ्याची परीक्षा होती, घरात जागा नव्हती. "ताई, यंदा नाही जमत वं. पुढच्या वर्षी नक्की. तू सांगशील ना आईले नीट? मले नाही जमत सांगायले." ती रडकुंडीला आली होती. ती अजूनही तशीच चांगली आहे.

मी वर आले. आई विचारत होती कोणाचा फोन. मी म्हटलं, शाळेतला. ती झोपली. पहाटे मी उठले, डब्यातून डाळ काढली, चण्याची आणि थोडी तुरीची, धुतली आणि भिजत घातली. तेच पितळी वाडगं, अजून आहे माझ्याकडे. झाकण हाताशी होतं. मी ते ठेवलं नाही.

उजाडल्यावर आई गोळ्या घ्यायला पाण्यासाठी आत आली. न्हालेली, केस विंचरलेले, चांगलं लुगडं नेसलेलं, पिशवी दाराशी ठेवून आलेली. माठाकडे हात नेला आणि थांबली. वाडग्यात बोट घालून तिनं एक दाणा उचलला, नखानं दाबून पाहिला. कधी भिजवली ते तिला दाबून कळतं.

"नलू येत नाही का वं?"

"नाही."

तिनं मग पाणी ओतलं, गोळ्या घेतल्या, पेला पालथा घातला. "झाकण तरी ठेवायचं होतं," ती म्हणाली.

"तू ठेवलं होतंस का?"

ती बाहेर गेली. पिशवी उचलून पलंगाखाली सरकवल्याचा आवाज मी ऐकला. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, चहाला उठली नाही, भाजीवाली हाक मारून गेली तरी बोलली नाही. पंखा तेवढा घरघरत होता. चार वाजता मी पाटा मांडला. मिक्सर घरात आहे, पण हे मी पाट्यावरच वाटते.

दिवे लागले तसं मी पान मांडलं आणि तिला हात धरून उठवलं. नको म्हणाली. मी भात वाढला, त्यावर गोळा ठेवला, पळी तापवून फोडणी ओतली. हिंगाचा वास आला आणि मी तिच्या हाताकडे पाहत राहिले. तो थोडा वेळ मांडीवरच होता. मग पानाकडे गेला, गोळा फोडला, घास कालवला. ती मान खाली घालून जेवत होती आणि डोळ्यांतून पाणी थेट पानात पडत होतं, पण घास थांबले नाहीत. तिला चांगलं लागत होतं. ते तिला लपवता येत नव्हतं, आणि मला पाहिल्याशिवाय राहवत नव्हतं.

पान साफ झाल्यावर तिनं बोट चाटलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "आणखी हाय का वं?"

होता. पहाटे मी डाळ मूठभर जास्तच भिजवली होती.